हँडलची मान

सायकलचे हँडल आणि समोरच्या चाकाचा चिमटा यांना जोडणारा जो तुकडा असतो, त्याला मराठीत रुळलेले नाव नाही. इंग्रजीतला ‘स्टेम’ हा शब्द आता नव्या सायकली घेणाऱ्या मुलांच्या बोलण्यात येतो. नांदगाव खंडेश्वरला बसस्थानकाच्या रस्त्यावर ज्यांचे दुकान आहे ते आमचे मिस्त्री मात्र त्याला ‘मान’ म्हणतात. हा शब्द साऱ्या धंद्याचा की त्यांचा एकट्याचा, हे मी कधी विचारले नाही. पण २०२३ च्या डिसेंबरात माझ्या सायकलवर हात ठेवून ते ‘सर, मान बदलाले लागते’ असे म्हणाले तेव्हा मला हसू आले. त्याच्या आठच दिवस आधी अमरावतीत एका डॉक्टरांनी माझ्या मानेचा एक्स-रे उजेडासमोर धरला होता, आणि माझी मान काही बदलता येण्यासारखी नाही, तिला सांभाळूनच राहावे लागेल, असे समजावले होते.

सायकल माझी म्हणायची, पण ती दादाची. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात कारकून होता, आणि आयुष्यभर कारकूनच राहिला. १९८४ साली त्याने बडनेऱ्याच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याकडून ही सायकल जुनीच विकत घेतली. ती कोणत्या कंपनीची हे आम्हाला कधीच कळले नाही. आधीच्या मालकाने फ्रेमवरचे नाव खरडून तिला निळा रंग दिला होता. बारीक टायर, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले. ज्या गावात सायकल म्हणजे काळी, उंच, दांडीची, सळईच्या ब्रेकची आणि ढेपेचे पोते वाहून नेणारी, त्या गावात हे प्रकरण नवलाचे होते. आई म्हणाली, ‘हे चालवाची का हुंगाची?’ कारण दादा तिच्यावर बसला की त्याचे नाक जवळजवळ समोरच्या चाकाला टेकलेले दिसे.

दर रविवारी पहाटे तो निघत असे. कधी यवतमाळच्या रस्त्याने नेरपर्यंत, कधी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जन्मगावी पापळला, कधी चांदूर रेल्वेला. मी अमरावतीच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला लागल्यावर पुष्कळदा माझ्याकडे. पस्तीसेक किलोमीटर अंतर तो सव्वा तासात कापून येई, दोन पेले पाणी पिई, पोहे खाई आणि ऊन चढण्याच्या आत परत निघे. आमच्यात फारसे बोलणे होत नसे. नऊ वर्षांचे अंतर दोन भावांना एका घरात वाढवते, पण एका खोलीत बसवत नाही.

१९९८ साली मी त्याच्यावर एक व्यक्तिचित्र लिहिले आणि ते एका दिवाळी अंकात आले. ‘वाऱ्याखालचा माणूस’ असे त्याचे शीर्षक होते. उन्हाळ्यात आमच्याकडे पश्चिमेचा जो कोरडा, भाजणारा वारा सुटतो, त्याच्यात सायकल हाणणारा, पाठ जमिनीला समांतर केलेला, कोपरे आत घेतलेला दादा मी त्यात रंगवला होता. ‘तो वाऱ्याशी भांडत नाही, तो वाऱ्याखालून निघून जातो,’ हे त्यातले वाक्य पुष्कळांनी वाखाणले. एका ज्येष्ठ समीक्षकांनी पत्र पाठवले. दादाने लेख वाचला की नाही हे त्याने मला सांगितले नाही. पण वहिनींनी सांगितले की अंकाची ती पाने कापून त्याने संघाच्या कार्यालयात टेबलावरच्या काचेखाली ठेवली होती. मला अभिमान वाटला. कोणत्या लेखकाला वाटणार नाही?

दादा २०१४ च्या पावसाळ्यात झोपेतच गेला. सायकल माजघरात खुंटीला टांगलेली राहिली. २०२१ साली निवृत्त होऊन मी नांदगावला परतलो, तेव्हा टायर-ट्यूब नवे घातले, चाकांचा आऊट काढून घेतला आणि सकाळी थोडी थोडी चालवू लागलो. ज्या उंचीवर दादाने हँडल सोडले होते त्याच उंचीवर. तसे बसणे माझ्या वयाला आणि माझ्या लांबीला शोभणारे नव्हते, हे पहिल्याच आठवड्यात कळले होते. पण दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने त्या सायकलवर बसणे मला सुचलेच नाही. जी मुद्रा मी स्वतः लिहून ठेवली होती तिच्यातच मी बसत होतो.

दोन वर्षांनी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. खडू धरण्याचे दिवस संपले होते म्हणून बरे. मग मान. डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. अशा सायकलवर पाठ वाकते आणि रस्ता पाहण्यासाठी मान उलट मागे मोडावी लागते. तरुण मणक्यांना ते चालते, झिजलेल्या मणक्यांना चालत नाही. शिवाय शरीराचा भार तळहाताच्या कडेवर येतो आणि तिथून जाणारी नस दबते. ‘सायकल सोडा,’ असे ते म्हणाले नाहीत. ‘उठून बसा,’ असे म्हणाले. हे दोन शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो.

दादाचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. त्याने फोनवर दोन पर्याय दिले : नवी, सरळ हँडलची सायकल घ्या, किंवा याच सायकलला कोन बदलता येणारा स्टेम बसवा. पहिला पर्याय शहाणपणाचा होता. दुसऱ्याने मी अस्वस्थ झालो, आणि त्या अस्वस्थतेचे कारण मला स्वतःला नीट सांगता येईना. जुन्या वस्तूला नवा अवयव लावण्यात अपराध तो काय? पण दादाच्या सायकलचे हँडल वर करणे म्हणजे दादाला ताठ बसवणे, असे काहीसे वाटत होते. माझ्या लेखातला माणूस खोटा पाडणे, असेही वाटत असावे. तेव्हा ते कबूल केले नसते.

शेवटी दुसराच पर्याय घेतला आणि पहिला स्टेम चुकीचा मागवला. चूक माझीच. १९९० नंतरच्या दशकात सायकलींची रचना बदलली, हे मला ठाऊक नव्हते. नव्या सायकलीत चिमट्याची नळीच वर येते आणि स्टेम तिला बाहेरून मिठी मारतो; त्या नळीचा व्यास २८.६ मिलिमीटर. जुन्या सायकलीत उलटे. चिमट्याच्या नळीला वरच्या टोकाशी आटे असतात, त्यांवर नट बसतो, आणि स्टेमची दांडी नळीच्या आत उतरते. आत तिला धरून ठेवते ती एक पाचर. दांडीतून एक लांब बोल्ट खाली जातो, त्याच्या टोकाला तिरपा कापलेला धातूचा तुकडा. बोल्ट आवळला की तो तुकडा तिरक्या कापावरून सरकतो आणि नळीच्या भिंतीत रुततो. सुताराची पाचर आणि ही पाचर यांत तत्त्वाचा काही फरक नाही. गंमत अशी की या जुन्या रचनेत हँडल वरखाली करणे नव्यापेक्षा सोपे : बोल्ट ढिला करा, ठोका, उचला, आवळा. मात्र ते वरखालीच होते. जवळ किंवा दूर होत नाही. आणि मला ते वरही हवे होते आणि जवळही. दादाचे हात लांब होते.

तो स्टेम परत पाठवला. मग महाविद्यालयातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर मागून आणला. तीस वर्षे एकाच कर्मचारी कक्षात बसून आम्ही प्रथमच एकमेकांच्या विषयाला हात लावत होतो. दांडीचा व्यास २२.२ मिलिमीटर निघाला, हँडल जिथे पकडले जाते तिथला २५.४, म्हणजे बरोबर एक इंच. हे दुसरे माप महत्त्वाचे, कारण अशा वळलेल्या हँडलांत पुष्कळदा ते २६ असते, आणि सहा दशांश मिलिमीटरचा फरक जबरदस्तीने बुजवू पाहिला तर पकड एकतर बसत नाही किंवा धातूला चीर जाते. पाठभेद एका मात्रेचा असला तरी अर्थ फिरतो, हे आम्ही वर्गात ओरडून सांगतो. सायकलवाला ते व्हर्निअरवर वाचतो.

मागवलेला दुसरा स्टेम बरोबर होता. नव्वद मिलिमीटर लांबीचा, दांडी जुन्या पद्धतीची, आणि तिच्या माथ्यावर एक सांधा. सांध्याच्या दोन्ही पृष्ठांवर बारीक दाते. बोल्ट ढिला केला की पुढचा भाग वर-खाली फिरतो, आवळला की दाते दातांत बसतात. सहकाऱ्यानेच कागदावर त्रिकोण काढून हिशेब करून दिला. दादाचा स्टेम आडवा, ११० मिलिमीटर पुढे गेलेला. नवा ४० अंशांवर ठेवला, तर हँडल ५८ मिलिमीटर वर जाते आणि ४१ मिलिमीटर जवळ येते. चार बोटे वर, अडीच-तीन बोटे मागे. एवढ्यात माणूस उठून बसतो.

याच दिवसांत कुठेतरी वाचले की हँडलची जागा बदलता येईल असा स्टेम हा मुळी शर्यतवाल्यांचा शोध. १८९९ साली माँट्रियलला जागतिक विजेतेपद मिळवणारा अमेरिकेतला कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर याच्या नावाने तसा एक स्टेम आजही ओळखला जातो. त्याच्यावर हँडल पुढे सरकवता येई, कारण त्याला अधिक लांब पसरायचे होते, अधिक वाकायचे होते. आता तीच सोय माझ्यासारखे लोक उठून बसायला वापरतात. दादाला हे सांगायला आवडले असते.

आता मिस्त्रींच्या दुकानातला तो दिवस. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. दुकान म्हणजे एक टिनाचे छप्पर, पंक्चर पाहायची पाण्याची घमेली, साखळीला टांगलेला पंप आणि तेलाने काळ्या झालेल्या पान्ह्यांचा ढीग. अशा दुकानांकडे आपण साहित्याचे लोक सहसा पाहत नाही, म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते : १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आरंभ केला तो सायकलींच्या दुकानाने, त्यातून पुढे कारखाना झाला, आणि कारखान्याच्या पोटातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ज्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठी कथेचा मोठा कालखंड ज्या पानांवर छापला गेला, त्या पानांची एक मुळी सायकलच्या दुकानात आहे.

मिस्त्रींनी नवा स्टेम हातात घेऊन उलटसुलट केला, सांधा कानाशी धरून हलवला.

‘सर, याले सांधा हाये,’ ते म्हणाले. ‘सांधा आला म्हंजे कुरकुर आली. अन् आवळाचं राह्यलं तर समोरचं चाक एकीकडं अन् तुमी एकीकडं.’

‘भाऊ, मग बसवू नये का?’

‘काहून नाही? बसवू ना. पन त्याच्याकडं ध्यान द्या लागते.’

जुना स्टेम बाहेर निघेना. बोल्ट तीन-चार आटे ढिला करून त्यांनी माथ्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडा मारला. पाचर सुटल्याचा ठप्प आवाज आला, पण दांडी जागची हलली नाही. ॲल्युमिनियमची दांडी, लोखंडाची नळी, आणि तीस वर्षांचा घाम. घामातल्या मिठाने हे दोन धातू एकमेकांना धरतात, एकजीव झाल्यासारखे. मिस्त्रींनी सायकल उलटी केली, चिमट्याच्या खालच्या तोंडातून आत तेल सोडले आणि म्हणाले, ‘उद्या या.’ दुसऱ्या दिवशी समोरचे चाक मी दोन्ही गुडघ्यांत धरले आणि त्यांनी हँडल दोन्ही हातांनी पिळले. दोन-तीन वेळा काही झाले नाही. मग एक किरकिराट झाला आणि दांडी बोटभर फिरली. तिथून पुढे ती पिळत पिळत, करकरत वर आली.

मिस्त्रींनी तिला चिंधीने पुसले आणि माझ्या हातात दिली. ‘ह्या रेघा पायल्या का?’ 

दांडीवर तीन आडव्या रेघा होत्या, करवतीच्या पात्याने ओढलेल्या. पहिली सगळ्यात वरची. आजवर नटाच्या काठाशी दिसत होती ती हीच. हे खुणेचे काम मला ठाऊक होते. ओव्हरऑइलिंगसाठी सायकल खोलली की हँडल पुन्हा त्याच उंचीवर यावे म्हणून दादा अशी रेघ ओढून ठेवी. पण दुसरी रेघ तिच्यापासून दोन बोटे खाली होती, आणि तिसरी आणखी दीड-दोन बोटे खाली. दांडीवर रेघ जितकी खाली, तितके हँडल वर. या दोन रेघा नळीच्या आत होत्या, म्हणून मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणजे दादाने केव्हातरी हँडल दोन बोटे वर केले होते. मग आणखी वर. आणि मग परत तळाशी नेऊन ठेवले होते.

तिसरी रेघ कारखान्याने कोरलेल्या हद्दीच्या खुणेच्याही खाली गेली होती. त्या खुणेवर दांडी बाहेर काढू नये, असा नियम आहे. आतली पकड अपुरी पडते आणि पाचरेच्या जागी नळी फुटू शकते किंवा दांडी मोडू शकते. दादा हा नियम जाणणारा माणूस होता. मला हँडल धरून तोच ओरडला होता एकदा. तरी तो तिथवर गेला, कारण स्टेम जेवढे देऊ शकत होता त्याहून अधिक त्याला हवे होते.

‘तुमच्याकडे आणत होता का सायकल, हे वर करायला?’ मी मिस्त्रींना विचारले.

‘नाही. मानेले ते कोनाले हात लावू देत नसत. घरीच करत.’

राहिलेले काम दुपारपर्यंत चालले, आणि त्यात माझे अर्धे लक्ष होते. जुन्या स्टेमची पकड बंद कड्यासारखी असते, म्हणून हँडल तिच्यातून काढायला एका बाजूची सुती पट्टी उलगडावी लागली, ब्रेकची मूठ काढावी लागली, आणि मग ते शिंग वळणावळणाने बाहेर ओढावे लागले. नव्याला समोरून झाकण आहे. हँडल ठेवायचे, झाकण लावायचे, बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. दांडीला वंगण फासून ती नळीत उतरवली, या वेळी हद्दीच्या खुणेपेक्षा बरीच खोल. सांधा ४० अंशांवर नेला. सगळे झाल्यावर मिस्त्रींनी सहज हँडल उजवीकडे पूर्ण वळवले आणि थांबले. समोरचा ब्रेक आपोआप दाबला जात होता. हँडल वर गेले होते, ब्रेकची तार तेवढीच होती. वळणावर ती ताणली जात होती. मी तसाच घरी निघालो असतो तर पहिल्याच कोपऱ्यावर तोंडावर पडलो असतो. तार आणि तिचे वेष्टण दोन्ही लांब घातले. स्टेमविषयी जे काही छापून येते त्यात हा तारेचा मुद्दा एका ओळीत असतो. प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याचा तोच.

संध्याकाळी जुना स्टेम मी वहिनींपुढे ठेवला. त्या गहू निवडत होत्या. रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसून पाहिल्या आणि पुन्हा गव्हाकडे वळल्या.

‘मीच तं चाक धरलं होतं,’ त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडून जे कळले ते असे. २००८ च्या सुमारास दादाची कंबर आणि मान दोन्ही धरली. त्याने हँडल वर केले. घरात, मागच्या अंगणात, वहिनींना समोरचे चाक धरायला लावून. अमरावतीला येणे त्याने त्याच वर्षी बंद केले. बडनेऱ्याच्या रस्त्यावर ट्रक फार वाढले आहेत, असे कारण मला दिले होते, आणि ते मला पटले होते. पुढे त्याने हँडल आणखी वर केले. पहाटे, माणसे रस्त्यावर येण्याआधी, ताठ बसून तो पापळच्या रस्त्याला जाऊन येत असे.

‘मग परत खाली का केलं?’

‘तुमी दिवाळीले येनार म्हनलं का करत,’ वहिनी म्हणाल्या. ‘भाऊजी, दरसाली. तुमी गेले का पुन्हा वर. म्हनत, लहान्यानं लिवून ठेवलं हाये, आता तसंच दिसलं पायजे.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सुपातला खडा बाजूला टाकावा तसे ते वाक्य त्यांनी टाकले. २०१३ च्या दिवाळीत मी आलो होतो. त्यानंतर हिवाळ्यात दादाची छाती दुखू लागली आणि सायकल चालवणे थांबले. हँडल पुन्हा वर करण्याचा प्रसंग आला नाही. माझ्यासाठी खाली केलेलेच ते खुंटीला टांगले गेले, आणि त्याच उंचीवर दोन वर्षे मी माझी मान मोडत राहिलो.

त्या रात्री मी तो १९९८ चा दिवाळी अंक काढून लेख पुन्हा वाचला. वाईट लेख नाही. शब्द बेतलेले आहेत, दादाच्या कोपराची, नाकावरून ओघळणाऱ्या घामाची निरीक्षणे खरी आहेत. पण सबंध लेखात तो एकदाही सायकलवरून खाली उतरत नाही. त्याला कंबर आहे, ती वाकण्यापुरती. तो संघात काय करतो, कर्ज किती, त्याला पुढे शिकायचे होते आणि वडील गेल्यामुळे शिकता आले नाही, याचा एक शब्द नाही. माझ्या शिक्षणाचे पैसे त्याच संघाच्या पगारातून आले, हेही नाही. एक लकब पकडली आणि माणूस तिच्यावर टांगून ठेवला.

हा दोष माझा एकट्याचा म्हणून सोडून देता येईल. पण व्यक्तिचित्र या प्रकाराची ती खोडच असावी, असे मला आता वाटते. आपण वर्गात ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) शिकवतो तेव्हा लकबींची यादी करायला लावतो. तिथले बहुतेक लोक कल्पनेतून आलेले. आपले चित्र वाचून त्यांच्यापैकी कोणाला त्याप्रमाणे वागण्याची पाळी येणार नव्हती. ‘गणगोत’मधली माणसे खरी आहेत, पण त्यांच्यावर लिहिणारा त्यांच्या घरात उठबस केलेला आहे. पु. लं.च्या मागून आलेल्या आमच्यासारख्या शेकडो लेखकांनी आई, वडील, भाऊ, गावातला न्हावी, शाळेचा शिपाई यांच्यावर लिहिले. मुद्रा एक, वाक्य एक, शेवटी डोळ्यांत पाणी. त्यांतले कितीजण ते पान काचेखाली ठेवून त्याला जागत राहिले असतील, हे टीकेच्या कोणत्या पुस्तकात सापडणार? आत्मचरित्राच्या सत्यासत्यतेवर आपण पुष्कळ वाद घातले. ज्याच्यावर लिहिले त्याच्या पाठीवर त्या लिहिण्याचे काय वजन पडले, हा प्रश्न मी तीस वर्षांत एकाही प्रश्नपत्रिकेत घातला नाही. दादाने त्या लेखाबद्दल मला काहीच न सांगणे, हे मी त्याच्या अबोल स्वभावाला लावले होते. तो दरवर्षी दिवाळीत उत्तर देत होता.

दुसऱ्या सकाळी सायकल काढली. खंडेश्वराच्या देवळाच्या बाजूने चढाला लागलो. हेमाडपंती दगडी देऊळ टेकाडावर आहे. लहानपणापासून हजारदा पाहिलेले. पण या सायकलवरून ते मला आजवर दिसले नव्हते. या सायकलवरून मला दिसत असे ते समोरचे टायर आणि डांबर. चढावर उभा राहून पायडल मारले तेव्हा हँडल किंचित लवले. आडव्या, एकसंध स्टेमचा कडकपणा या सांध्याला नाही. हात पुढे ओढतात आणि तो अंगभर विचार करून मग साथ देतो. दादाला हे खपले नसते, की खपले असते? मला सांगता येत नाही, आणि आता त्याच्याविषयी अशी वाक्ये लिहिताना हात अडखळतो.

गावाबाहेर पऱ्हाटीची बोंडे फुटली होती, वेचणी चालू होती. तुरीला शेंगा होत्या. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्याच्यावर सायकलला मज्जाव आहे, पण खालून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर उभे राहिले की वरून गाड्यांचा सू-सू आवाज येत राहतो. मी तिथे थांबलो, पाणी प्यालो. करंगळी बधिर झालेली नव्हती. वीस किलोमीटर झाले होते.

परत येताना कुरकुर सुरू झाली, मिस्त्रींनी सांगितली होती तशी. दुकानात थांबलो. त्यांनी सांध्याचा बोल्ट अर्धा आटा आवळला, झाकणाचे बोल्ट तपासले, चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहिले. नवा जोड पहिल्या काही दिवसांत बसतो, म्हणून तो पुन्हा आवळावा लागतो. ‘शंभर किलोमीटर झाले का परत आना,’ म्हणाले.

पुढच्या दिवाळीत पुतण्या आला. तो सहा फूट आहे, दादासारखे लांब हात. सायकलवर बसून म्हणाला, ‘काका, हे माझ्यासाठी फारच वर आहे,’ आणि माझी परवानगी घेऊन सांधा ढिला करून हँडल जवळजवळ आडवे केले. पाच मिनिटांचे काम. तो पहाटे नेरच्या रस्त्याने गेला आणि ऊन चढायच्या आत आला. वहिनी ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी मी ते परत वर घेतले. तिसऱ्या दिवशी त्याने खाली.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी आम्हा दोघांना बोलावून सांध्यावर लाल रंगाचे दोन ठिपके दिले, एक त्याचा, एक माझा, म्हणजे दर वेळी अंदाज करत बसायला नको. वर चांगले खडसावलेही. ‘पन रोज रोज ढिलं नोका करू,’ ते म्हणाले. ‘दाते झिजतीन. मंग कोनाच्याच कामाचं राहनार नाही.’